गोधडीसाठी बाही

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या टायपिस्टबाईंना मागच्या बाकावरचं बोलणं ऐकू येत होतं. एक वयस्क बाई आणि एक तरुण शिंपी.

“घरी आला नाहीस ते बरं केलंस. यांनी तुला दारात उभं केलं नसतं.”

“म्हणून तर इथे गाठलं, मावशी. तुमच्या मुलाचा एक शर्ट द्या. नुसती बाही दिलीत तरी चालेल.”

“कशाला?”

“गोधडी शिवतोय. आमच्यासारखी जी जी माणसं गेली, त्या प्रत्येकाचं कापड, वर नाव. मोर्चात रस्त्यावर अंथरणार आहोत.”

“नाव? धाकटीचं लग्न ठरतंय रे.”

“नाव नाही घालत. बाही तरी?”

“यांनी सगळं जाळलं. तू शिवलेला निळा शर्ट तेवढा लपवला होता मी. तोही सापडला.”

“सात वर्षं संसार केला आम्ही. तुम्ही येऊन त्याचा रुमालसुद्धा उचलून नेलात.”

“ठाऊक आहे.”

“मग अधूनमधून भेटायला तरी येऊ? बोलताना तुम्ही अगदी त्याच्यासारख्या थांबता.”

“नको. परत आलास तर मला दवाखाना बदलावा लागेल. तपासणी झालीय, निघते मी.”

“डोळ्यांत औषध घातलंय, धड दिसायचं नाही तुम्हाला. हात धरू?”

“धर. पण जिन्यापर्यंतच. खाली हे उभे आहेत.”