शटर पडेल!

युरोपात जाऊन आले म्हणून सांगते खरी, पण बघितलं काय, तर ब्रातिस्लाव्हा. कुठल्याशा छोट्या देशाची राजधानी आहे म्हणे, पण आम्ही गेलो ते तिकीट सगळ्यात स्वस्त होतं म्हणून.

तेव्हा सौदीत, परक्यांच्या जागी स्थानिक माणसंच घ्यायची, असा नवा नियम आला होता आणि यांच्या जागेवर कंपनीने एक सौदी नेमला होता. त्याला काम शिकवून झालं की यांचं खलास, परत गावी. "इथे राहायचा इकामा हातात आहे तोवर एकदा तुला युरोप दाखवतो," म्हणाले. दाखवतायत कसले! एका जागी बसतील तर शपथ. ऑफिसचा मेसेज आला का, म्हणून सारखा फोन बघायचा.

हॉटेलातलं जेवण परवडेना, म्हणून दुपारी ब्रेड घ्यायला एका दुकानात शिरलो. तेवढ्यात बाहेर चर्चची घंटा वाजायला लागली. झालं! हे ट्रॉली घेऊन जे पळत सुटले ते थेट काउंटरवर.

"यल्ला, यल्ला! चल लवकर! शटर पडेल!"

आमच्या दम्मामला तेव्हा अजान झाली की नमाजापुरती दुकानं बंद, ती सवय अंगात मुरलेली. काउंटरवरची बाई दचकून उभीच राहिली. मी मागून ओरडले, "अहो, चर्चची घंटा आहे ती! इथे कोण शटर पाडतंय?"

मग बाहेर बाकावर बसून नुसता ब्रेड खाताना मी विचारलंच, "गावी जाऊन करणार काय?"

"दुकान टाकीन," म्हणाले. "शटर कधी पडणार, ते तरी मला आधी कळेल."