समपातळीसाहेबांचं एक वाक्य

सन्माननीय अध्यक्ष, अर्थात या उद्वाहन निरीक्षण कार्यालयाचे मुख्य अभियंता साहेब. व्यासपीठावरचे आदरणीय पाहुणे. इतकी वर्षं ज्यांच्या डब्यातली भाजी आमच्या घरी चर्चेला असायची ते सर्व सहकारी. त्यांच्या सोबत आलेल्या माझ्या भगिनी. आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते आमचे हे. परमेश्वराला आणि आपल्या सर्वांना माझा नमस्कार.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. माझा कारभार घर आणि घराचा जमाखर्च एवढाच. भाषण कधी केलं नाही. पण सत्कारमूर्तींच्या पत्नीने दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला, आणि खरं सांगायचं तर मलाही एक गोष्ट बोलायचीच होती. ती बोलायला भीती वाटते आहे, म्हणून थोडी वळणं घेत येते. सांभाळून घ्या.

यांना तुम्ही मंडळी 'समपातळीसाहेब' म्हणता हे मला आजच कळलं. घरी आम्ही काहीच म्हणत नाही, नुसतं 'अहो' म्हणतो. लिफ्टला कार्यालयात उद्वाहन म्हणतात हे लग्नानंतर कळलं. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "सूनबाई, तो कुठे नोकरीला आहे असं कोणी विचारलं तर सरकारी नोकरीत आहे एवढंच सांग. उगाच लोकांना वाटायचं, कुठला तरी आजार आहे."

यांचं काम नियम लिहिण्याचं. लिहिलेला नियम समितीत जायचा, समितीतून खाडाखोड होऊन परत यायचा, पुन्हा जायचा. बाद झालेले कागद हे घरी आणायचे. त्यांची मागची बाजू कोरी असायची. कोरा कागद टाकून देणं माझ्या जिवावर येतं, म्हणून दुधाचा, किराण्याचा हिशेब मी त्यावर लिहायची. आणि बेरीज जुळेना झाली की कागद उलटा करून पुढची बाजू वाचायची. माझं तांत्रिक शिक्षण ते एवढंच.

तर त्यात मी काय काय वाचलं! 'उद्वाहन बंद असल्यास प्रवाशांनी उद्वाहनाचा वापर करू नये.' दुसरा एक होता, 'केबिनमधील दिवे गेल्यास प्रवाशांनी भिंतीवर लावलेल्या सूचना वाचाव्यात.' लिफ्टमनच्या स्टुलाविषयी लिहिलं होतं, की त्याची उंची अशी असावी की त्यावर बसलेला कर्मचारी उभा असल्यासारखा दिसावा. मी यांना विचारलं, "अहो, मग त्याला उभंच का नाही करत?" हे गंभीरपणे म्हणाले, "उभं राहणं कामगार खात्याला मान्य नाही, आणि बसणं आमच्या खात्याला."

हसा, हसा. साहेबसुद्धा हसताहेत. बरं वाटलं.

आणि तो प्रमाण माणूस! नव्या पाहुण्यांसाठी सांगते. लिफ्टमध्ये चार माणसं मावतात असं लिहायचं तर एक माणूस म्हणजे किती, हे आधी ठरवावं लागतं. समितीने ठरवलं, अडुसष्ट किलो. मग त्या माणसाच्या हातात छत्री धरायची की नाही यावर एक संपूर्ण बैठक झाली. छत्री ओली की कोरडी यावर दुसरी. हे घरी येऊन सांगत होते आणि सासूबाई जेवता जेवता ऐकत होत्या. त्यांचा देह चांगला भरलेला. त्या म्हणाल्या, "प्रमाण माणूस अडुसष्ट किलोचा, तर मग मी कोण रे?"

हे म्हणाले, "आई, तू दीड व्यक्ती."

"आणि चाचणीला कोणाला बसवता?"

"वाळूची पोती."

"बरोबर आहे. तुमच्या हिशेबात जो बसेल तो पोतंच असणार."

धोक्याच्या घंटेचा नियम तर आमच्या घरातच तयार झाला. घंटेचा आवाज प्रवाशाला घाबरवणारा नसावा, परंतु धोक्याची जाणीव करून देणारा असावा. मंजूळ, तथापि गंभीर. हे नाना तऱ्हेच्या घंटा घरी आणून वाजवायचे आणि आम्हा दोघींना विचारायचे, घाबरायला झालं का? शेवटी जी पसंत पडली ती इतकी मंजूळ होती की सासूबाई डोळे मिटून जप करू लागल्या. तीच मंजूर झाली.

आता भीतीचं सांगते. तुम्हाला हे नियमावर बोट ठेवणारे, थोडे हट्टी असे माहीत आहेत. मला माहीत असलेले हे फार भित्रे आहेत. रागावू नका अहो, आज सांगते. आमच्या घरातली शिडी भिंतीला बांधलेली असते. गॅसचं बटण मी बंद करते, मग हे बंद करतात, मग झोपेतून उठून पुन्हा बघतात. परक्या इमारतीत गेलो की हे आधी जिना कुठे आहे ते पाहतात आणि मग यजमानांना नमस्कार करतात. अपघाताच्या ठिकाणी पाहणीला जाऊन आले की हे जेवायचे नाहीत. काय पाहिलं ते सांगायचे नाहीत. पण त्यानंतर आठवडाभरात एक नवीन नियम लिहिला जायचा, आणि मी समजायची, की यांनी जे पाहिलं ते आता या वाक्यात घातलं आहे. अशा माणसाच्या शेजारी आयुष्य काढलं की भीती आपल्याही अंगात उतरते. देवासमोर मी सुख कधी मागितलं नाही. सगळे धड घरी येऊ देत, एवढंच मागत आले.

आणि एक दिवस मीच आले नाही.

सुट्टीचा दिवस होता. सासूबाईंना धाप लागायची, म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. एका फेरीत दोन कामं व्हावीत म्हणून परत येताना तांदळाचं पोतंही घेतलं. आमच्या इमारतीची लिफ्ट जुनी, आत जाळीचं दार, बाहेर जाळीचं दार. सासूबाई, मी आणि पोतं. आमचा मजला यायला थोडंच उरलं होतं, तेवढ्यात लिफ्ट हिसका देऊन थांबली आणि दिवा गेला.

भिंतीवर सूचना होत्या. अंधारात होत्या. मी चाचपडत घंटेचं बटण दाबलं. बॅटरीवरची ती घंटा वाजली, मंजूळ, तथापि गंभीर. वाजतच राहिली. कोणीही आलं नाही. खालच्या वॉचमनने नंतर सांगितलं, "ताई, मला वाटलं कोणाच्या तरी घरी आरती चालली आहे."

मी आतलं दार सरकवलं. समोर छातीपर्यंत भिंत, आणि तिच्यावर आमच्या मजल्याची फरशी. त्या फटीतून बाहेरच्या दाराची जाळी आणि जाळीपलीकडे उजेड. मी ओरडले. दारं उघडल्याचे आवाज आले, पावलं धावत आली, आणि मला यांच्या चपला दिसल्या. मग गुडघे, मग हे वाकले आणि चेहरा दिसला. इतका पांढरा चेहरा मी पाहिला नव्हता.

सासूबाईंचा श्वास वाजायला लागला होता. पोत्यावर बसल्या होत्या, एक हात माझ्या हातात. तो हात गार पडत चालला होता.

बाहेरचं दार उघडण्याची एक तिकोनी किल्ली असते. निरीक्षकाकडेच असते. ती यांच्या खिशात कायम. हे वाकलेले असताना ती मला यांच्या मुठीत दिसत होती.

आमचे शेजारी तालमीत जाणारे, सगळे त्यांना पहिलवान म्हणायचे. मनाने सोनं. ते जाळीला धरून म्हणाले, "साहेब, उघडा. एवढी जागा आहे. मी आजींना काखेत धरून अस्सा वर ओढतो."

हे म्हणाले, "नाही."

"अहो, त्यांना श्वास घेता येत नाहीये!"

"इमारतीचा मेकॅनिक वर मशीनखोलीत गेला आहे. चाक फिरवून केबिन मजल्याला आणेल. मग उघडतो."

"तोवर काही झालं म्हणजे?"

मी जाळीतून बोटं घातली, यांचा हात धरला आणि म्हटलं, "अहो, उघडा ना. तुमच्या पाया पडते. आई निळ्या पडताहेत." हे म्हणाले, "केबिन समपातळीत नाही." हेच. माझ्या तोंडावर, त्या वेळी, कार्यालयातलं वाक्य! मी देवाला मानते, देवाची शपथ घेऊन सांगते, त्या क्षणी मला या माणसाचा तिरस्कार वाटला.

सासूबाई पोत्यावरून म्हणाल्या, दोन शब्दांमध्ये श्वास घेत, "तुला जन्म दिला... तेव्हा मी... नाही बघितलं... समपातळी."

हे रडत होते. किल्ली मुठीत होती आणि हे रडत होते, पण दार उघडलं नाही. पहिलवान किल्ली हिसकावायला पुढे झाले. यांनी मूठ छातीशी धरली आणि खाली बसून अंगाचं मुटकुळं केलं. पहिलवानांसमोर हे म्हणजे काय हो, काडी! पण मूठ सुटली नाही.

आणि केबिन सुटली.

वर मेकॅनिकने चाक फिरवायला ब्रेक सैल केला होता आणि चाक त्याच्या हातून निसटलं होतं. माझी बोटं जाळीतून ओढली गेली. यांचा चेहरा वर गेला, उजेडाची फट अरुंद झाली, आणि केबिनचं छत त्या फरशीच्या काठावरून सरळ खाली उतरलं. फट मिटली. समोर नुसती भिंत. मग ब्रेकने पुन्हा धरलं.

दार उघडलं असतं तर ते छत कशावरून उतरलं असतं, ते मी सांगत नाही. पहिलवानांनी सासूबाईंना जिथून ओढलं असतं, ती तीच जागा. तुम्ही सगळे या खात्यातले आहात. तुम्हाला चित्र दिसलं असेल. मला ते अजून दिसतं.

नंतर मेकॅनिकने चाक फिरवत हळूहळू केबिन वर आणली. वरून मेकॅनिकची हाक आली, यांनी "समपातळी!" असं उत्तर दिलं, आणि तेव्हा कुठे किल्ली फिरली. सासूबाईंनी बाहेर पडताना आधी खाली बघितलं, फरशीवर पाय टेकून चाचपून पाहिलं, आणि मगच आल्या. पहिलवान जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. सासूबाई यांच्याजवळ गेल्या.

"हात कापतोय रे तुझा."

"हो आई."

"मग ती किल्ली नीट खिशात ठेव. पडेल."

एवढंच बोलल्या. त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या, पण यांच्या नियमांची चेष्टा करताना समपातळीच्या त्या एका वाक्याला त्यांनी कधी हात लावला नाही.

आता जे बोलायला भीत होते ते बोलते. अध्यक्षसाहेब, आपण आपल्या भाषणात फार सुंदर बोललात. यांच्याविषयी बोललात, आणि मग म्हणालात, की पुढच्या महिन्यापासून नवी सुटसुटीत नियमावली येते आहे, समपातळीसाहेबांसोबत त्यांची जुनी वाक्यंही निवृत्त होणार. सभागृह हसलं. मीही हसले. मग आपण उदाहरण म्हणून वाचून दाखवलंत. 'केबिन मजल्याशी समपातळीत आल्याची खातरजमा केल्याखेरीज बाहेरील दार उघडू नये,' याऐवजी आता, 'अशा प्रसंगी सक्षम व्यक्तीने योग्य ती कार्यवाही करावी.'

साहेब, पहिलवान सक्षमच होते.

आपण विद्वान आहात, मी आपल्याला काय सांगणार? छत्रीचा नियम काढा. स्टूल काढा. घंटा तर काढाच, मी पाया पडते. तो मंजूळपणा मला सोसत नाही. यांची सगळी वाक्यं काढलीत तरी चालेल. ते एक राहू द्या. कारण दाराबाहेर जो किल्ली घेऊन उभा असेल, त्याची आई आत असेल, बायको आत असेल, सगळे त्याच्या अंगावर धावून येत असतील. त्या वेळी त्याला योग्य काय ते सुचणार नाही हो. यांनाही सुचलं नव्हतं. मी नंतर विचारलं, तुम्हाला कसं कळलं असं होणार म्हणून? हे म्हणाले, "मला काही कळलं नव्हतं. मला नुसतं वाक्य पाठ होतं."

किल्ली आज परत करायची आहे. सकाळी यांनी ती माझ्या पर्समध्ये टाकली आणि म्हणाले, तूच दे, माझ्याच्याने व्हायचं नाही. ही ती. साहेब, मी ती आपल्यासमोर टेबलावर ठेवते आहे. आपण ती उचलली की यांची भीती आपल्याकडे आली असं मी समजेन, आणि आज यांना शांत झोप लागू दे अशी देवाकडे प्रार्थना करेन.

मला बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, यांना इतकी वर्षं सांभाळलंत, याबद्दल आपली ऋणी आहे. लहान तोंडातून जास्त काही गेलं असेल तर घरच्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला. चहा बाहेर मांडला आहे असं मला सांगायला सांगितलं आहे. आणि घरी जाताना आपण पुष्कळजण लिफ्टने उतराल. दार उघडलं की आत पाय टाकण्याआधी एकदा खाली बघा. जमीन आहे ना, तेवढं बघा. आम्ही दोघं जिन्याने येतो.

नमस्कार.