दारोबाचं अस्तर

मुलगी : पण एक अक्षर तरी पाठवायचं ना, बाबा. दर रविवारी माझ्या मालिकेचा भाग संपायचा अवकाश, तुमचा निरोप हजर. ‘ससा बरा पळाला.’ ‘चेटकिणीचा झगा ढगळ होता.’ या रविवारी काहीच नाही. सोमवारी वाट पाहिली, मंगळवारी पाहिली. मग घाबरले.

वडील : घाबरलीस म्हणून आलीस होय. मला वाटलं, वाट चुकलीस.

मुलगी : झालं सुरू.

वडील : सुरू कुठलं? गेल्या थंडीत आली होतीस, तेव्हा चपलासुद्धा काढल्या नव्हत्यास. आज काढल्यास, म्हणजे प्रगती आहे. बस. त्या खुर्चीवर नको, तिच्यावर कोट आहे.

मुलगी : अजून शिवता? डॉक्टर काय म्हणाले होते डोळ्यांचं?

वडील : शिवत नाही. खालच्या वकिलाचा कोट आहे, अस्तर बदलून देतोय. दुकान बंद केलं म्हणून हात काय दुकानात ठेवून येऊ?

मुलगी : टीव्ही का बंद केलात? चालू होता ना? बाहेर ऐकू येत होता.

वडील : तू आलीस म्हणून. दोघांचं एकदम कसं ऐकू?

मुलगी : बाबा, रविवारचा भाग पाहिलात का नाही, एवढंच सांगा.

वडील : पाहिला.

मुलगी : मग?

वडील : मग काय? दारोबाला बायको होती म्हणे.

मुलगी : आवडलं नाही तुम्हाला.

वडील : आवडण्याचं सोड. इतकी वर्षं तो त्या डोंगराच्या सातव्या दारावर बसलाय. लठ्ठ साळिंदर. गाणं म्हणत असतो. कुणाची चाहूल लागली की मध्येच थांबतो, काटे उभे, कान टवकारलेले. पावलं दुसरीकडे गेली की ‘कोणी नाही!’ म्हणतो आणि अडलेल्या शब्दापासून पुढे चालू. पोरं पोट धरून हसतात. एकदा तरी म्हणाला होता का, की माझी बायको आत डोंगरात गेली आणि मी तिची वाट बघत बसलोय?

मुलगी : कधी म्हणाला नाही, म्हणूनच त्याला काढणार होते.

वडील : कोण काढणार?

मुलगी : नवे साहेब आलेत. ते म्हणतात, ज्या पात्राकडे एकच विनोद आहे ते पात्र नको. पहिल्या वर्षी मालिका बघणाऱ्या पोरांना आता मिसरूड फुटलंय, त्यांचं नुसतं हसून भागत नाही. चेटकीण का चिडते, छोटी ठिणगी अंधाराला का भीत नाही, हे त्यांना कळायला हवं. प्रत्येकाच्या आत काहीतरी पाहिजे. बेडूकरावाला तर काढलंच.

वडील : बेडूकराव गेला? तरीच दिसला नाही.

मुलगी : त्याच्या आत काही सापडेना.

वडील : बेडकाच्या आत काय सापडणार? माश्या.

मुलगी : हसवू नका. मी खूप भांडले त्याच्यासाठी. आणि मग दारोबाची पाळी आली. बैठकीत सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण दारोबा माझा. मी काही बोलले नाही तर तोही गेला असता. तेव्हा मला तुम्ही आठवलात.

वडील : मी?

मुलगी : तुम्ही करता ते. टीव्ही लावलेला असतो. लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबली की तुम्ही आवाज कमी करता. पावलं पुढे गेली की ‘कोणी नाही’ म्हणता आणि आवाज वाढवता. अगदी सुरुवातीला मी ते दारोबाला दिलं होतं, तेव्हा नुसती गंमत म्हणून. तुमची ती सवय आई दवाखान्यातली दुपारपाळी करून यायची तेव्हाची.

वडील : ती किल्ली विसरायची. दार उघडायला लागायचं.

मुलगी : हो. पण गेल्या थंडीत मी आले ना, तेव्हा लिफ्टमधून उतरताना ऐकलं. अजून तसंच. आई जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुम्ही अजून आवाज कमी करता. निघाल्यावर मी जिन्यात बसून रडले, बाबा. लिफ्टने खाली गेलेच नाही. आणि त्या बैठकीत तेच सांगितलं. की दारोबा गंमत करत नाहीये. त्याची बायको त्या दारातून गेली, ती येणार नाही हे त्याला ठाऊक आहे, तरी तो चाहूल घेतो. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

वडील : चला. साहेबाचा चष्मा तरी स्वच्छ झाला.

मुलगी : तुम्हाला विचारलं नाही, हे माझं चुकलं. म्हणून तर आले. उरलेल्या भागाचं रेकॉर्डिंग उद्या सकाळी आहे. तुम्ही नको म्हणालात, तर मी थांबवते.

वडील : थांबवून?

मुलगी : मग दारोबा जाईल. बेडूकरावासारखा.

वडील : म्हणजे निवड मी करायची. छान. काय आहे उद्याच्या भागात?

मुलगी : दारोबा सातवं दार उघडतो. पहिल्यांदाच. आत कोणी नसतं. मग तो उंबऱ्यावर बसतो आणि हळूहळू दगड होतो.

वडील : मारलास.

मुलगी : मारला नाही. दगड होतो. मुलांच्या मालिकेत कोणी मरत नाही.

वडील : हलत नाही, बोलत नाही, गात नाही. याला तुमच्यात काय म्हणतात?

मुलगी : बाबा, ते फार सुंदर काढलंय. काटे एकेक करून राखाडी होत जातात…

वडील : असेल सुंदर. इकडे ये. हा कोट बघ. अस्तर कुठे असतं?

मुलगी : आत.

वडील : आत. नीट लागलं तर कोट घालणाऱ्यालाही त्याची आठवण राहत नाही, खांदा तेवढा छान बसतो. दारोबाला अस्तर होतंच. तो थांबायचा ना गाता गाता, त्यात होतं. ज्याला दिसायचं त्याला दिसत होतं. तू कोट उलटा करून त्याच्या अंगात घातलास.

मुलगी : नाहीतर कोटासकट फेकून देत होते त्याला! तुम्हाला इथे बसून सोपं आहे. मी त्या खोलीत एकटी होते.

वडील : थांब. जरा थांब.

(लिफ्ट थांबते. पावलं दारापर्यंत येतात. बेल वाजते.)

शेजारीण : मास्तर, बरे आहात ना? तुमचा टीव्ही गप्प, म्हटलं काय झालं… अगंबाई! आली! खरंच आली की! मास्तर, जिंकलात हो तुम्ही.

मुलगी : काय जिंकले, मावशी?

शेजारीण : अगं, मी लिफ्टमधून बाहेर पडते, पिशवीत किल्ली शोधते, तेवढ्यात यांचं दार उघडतं. बोटभर. रोज! आधी मला वाटलं, म्हातारपणी यांचा शेजारणीवर डोळा की काय!

वडील : बाई, तुमचा गॅस चालू राहिला असेल.

शेजारीण : मी आत्ता येतेय बाहेरून, गॅस कुठला? ऐक गं. शेवटी एकदा विचारलं, मास्तर, कोणाची वाट बघता? तर म्हणे, मुलगी येणार आहे. म्हटलं, कधी? तर म्हणे, ते माहीत नाही, न सांगता येणार आहे. घ्या! न सांगता येणार, हे मात्र सांगून गेलीय. हसून हसून माझी पुरेवाट.

मुलगी : मी?

शेजारीण : मग आणखी कोण? यांना दुसरी मुलगी आहे का? बरं, तू भेटलीस ते बरंच झालं. माझी नात रविवारी रडली त्या साळिंदराला बघून. म्हणाली, आजी, तो कुणाला शोधतोय हे इतकी वर्षं त्याला कोणी विचारलं का नाही? म्हटलं, लिहिणारी आपल्या मास्तरांची मुलगी, आली की विचारू. सावकाश सांग. जाते मी. बसा बोलत. आणि मास्तर, आता तोंड जरा हसरं करा, आली ना?

मुलगी : दार लावते मी, मावशी.

वडील : बोलण्याची हौस आहे तिला. घरी कोणी ऐकणारं नाही.

मुलगी : बाबा.

वडील : चहा टाकू?

मुलगी : तुम्ही आईची वाट बघत नव्हता.

वडील : तुझी आई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. गेलेली माणसं लिफ्टने येत नाहीत, एवढं मला समजतं. ती होती तेव्हा आवाज कमी करायचो. ती गेली, मग ते थांबलं. पुढे तू तिकडे राहायला गेलीस. जाताना या इथे उभी राहून म्हणालीस, ‘तोंड पाडू नका, बाबा. मी अशीच एखाद्या संध्याकाळी दारात उभी राहीन, न सांगता.’

मुलगी : मी सहज म्हणाले होते.

वडील : मीही सहजच ऐकलं.

मुलगी : फोन करायचा ना. ये म्हणायचं.

वडील : काय सांगून बोलावू? मी आजारी नाही, नळ गळत नाही. कामाच्या माणसाला उगाच कशाला बोलवायचं?

मुलगी : मला यायला नको वाटत नाही, बाबा. खरंच नाही. पण इथे आले की निघवत नाही आणि बसवतही नाही. आईची कात्री अजून त्याच खिळ्याला. मग तिकडे खोलीवर जाते, दिवा लावते. आमच्याकडे लिफ्टसुद्धा नाही. पावलं वाजतात ती वरच्या मजल्यावरच्यांची. कधीकधी मला वाटतं, दारोबाची वाक्यं मी मोठ्याने म्हणून बघते ती कामासाठी म्हणत नाही. घरात कोणीतरी बोलावं म्हणून म्हणते.

वडील : हे कधी बोलली नाहीस.

मुलगी : तुम्ही कुठे बोललात?

वडील : तेही खरंच.

मुलगी : मी सगळंच चुकीचं लिहिलं. रात्रीत बदलते. बायको नाही, मुलगी. दारोबाची मुलगी त्या दारातून गेली, म्हणाली येते, आणि…

वडील : खबरदार.

मुलगी : का?

वडील : बायको राहू दे. बायको गेली म्हटलं की लोक हळहळतात आणि आपापल्या कामाला लागतात. मुलगी आहे, धडधाकट आहे, आणि येत नाही म्हटलं की लोक विचारतात, ही असली कसली मुलगी? ते मला कोणी विचारायला नको आहे. पोराटोरांनीसुद्धा नको.

मुलगी : पण खरं तेच आहे.

वडील : असू दे. खरं आहे म्हणून दोरीवर वाळत घालायचं का? सगळी पोरं तुझ्या दारोबावर जीव टाकतात. त्यांनी तुला नावं ठेवलेली मला खपणार नाहीत.

मुलगी : त्यांना काय माहीत ती मुलगी म्हणजे मी?

वडील : मला माहीत असेल ना. मी दर रविवारी बघतो.

(मुलगी डोळे पुसते.)

वडील : रडू नकोस. सरक तिकडे, कोटावर पडेल. वकील विचारेल, हा डाग कसला.

मुलगी : मग उद्या काय करू? थांबवू?

वडील : थांबवू नकोस. त्याला दगड मात्र करू नकोस. बाकी काही मागत नाही.

मुलगी : शेवट कसा होणार मग? दार उघडलं, आत कोणी नाही. पुढे?

वडील : दार लावतो. वारा येतो ना आतून. जागेवर येऊन बसतो, पाठीचे काटे नीट करतो.

मुलगी : साहेब म्हणतील, यात घडलं काय?

वडील : संध्याकाळ झाली, हे घडलं. अगं, तू मला दगड समजतेस का? मी चहा करतो, त्यात कधी साखर विसरतो आणि एकटाच स्वतःला शिव्या देतो. वकिलाचं पोट वाढलंय, त्याला न दुखवता कोट कसा सैल करायचा, यात माझी अख्खी दुपार गेली, आणि मजेत गेली. मी एकटा आहे हे खरं. पण दिवसभर तेच एक काम करत बसत नाही.

मुलगी : हे वाक्य घेऊ?

वडील : कुठलं?

मुलगी : ‘दिवसभर तेच एक काम करत बसत नाही.’ दारोबाच्या तोंडी. ठिणगी त्याला विचारते, तू एकटा असतोस का, तेव्हा.

वडील : या वेळी विचारलंस. घे.

मुलगी : साहेबांना पटलं नाही तर?

वडील : तर नाही पटलं. तू भांडलीस एवढं मला कळलं, पुरे झालं. चल, ऊठ. पानं लिहायचीत ना तुला? इथे बसून व्हायची नाहीत.

मुलगी : इथेच लिहू का? या टेबलावर?

वडील : नको. मी दर दोन ओळींना विचारीन, काय लिहिलंस. जा तू.

मुलगी : बरं. निघते. आणि ऐका, तोंड पाडू नका. येईन मी, अशीच एखाद्या संध्याकाळी, न सांग…

वडील : नको.

मुलगी : येऊ नको?

वडील : ये. पण सांगून ये. म्हणजे यायची नसशील, त्या संध्याकाळी मला जरा बाहेर पडता येईल.