सही ताईचीच

नाही नाही, मॅडम, नंबर माझाच होता, हा मागचा उगाच कोपर मारतोय — हं, घ्या फॉर्म, सगळा भरलाय! चौथी नापास माणसानं चार पानं भरली, ताईला कळलं असतं तर हसून हसून मुरकुंडी वळली असती तिची. मीपण सकाळपासून हसतोय, बघा ना, थांबतच नाही, मघाशी चहा नाकातून आला. ताई म्हणजे तुमच्याच वरच्या मजल्यावर, संशोधनाच्या लॅबमध्ये काचेच्या नळ्या धुवायची ती. परवा पाचव्या महिन्यात तिचा गर्भ पडला, तो तुमच्या फ्रीजमध्ये ठेवलाय — आणि तिनं सांगितलंय, जाळू नका, वरच्या डॉक्टरांना द्या, ते कंपवातावर औषध शोधतायत, असल्या गर्भाच्या पेशींसाठी बिचारे वर्ष वर्ष वाट बघत बसतात.

हे? हे मीच लिहिलं — ‘आमच्या बाबांच्या थरथरणाऱ्या हातांसाठी’. जागा रिकामी होती हो! काय? कुणासाठी ते सांगायचंच नाही? कायदा? अहो, साध्या डब्यावरसुद्धा नाव घालतो माणूस! बरं बरं, खोडतो. हे बघा, खोडलं. बाबांचा अर्धा चहा तसाही बशीतच जातो, जाऊ दे. मारा आता शिक्का.

सही ताईचीच. आईचीच लागते, नवऱ्याची नको, भावाची नको — पाठ झालाय मला तुमचा कायदा! दाजींचं तर नावच नको, ते केव्हाच पसार. तिनंच केली, माझ्यासमोर, काल सकाळी, पाठीला उशी लावून, मी म्हटलंसुद्धा, ताई, अक्षर जरा — काय बघताय? तो मागचा कागद? तो डॉक्टरांनी जोडलाय, त्याचं काय... परवा संध्याकाळी, सहा दहा. हो. बरोबर आहे. सहा दहालाच गेली ती. रक्त थांबलंच नाही.

हॅ! पकडलंत की! ढ तो ढच मी, निदान तारीख तरी परवाची टाकायची! — पण ती बोलली होती, मॅडम, देवाशप्पथ, माझा हात धरून बोलली. म्हणाली, आत्ताच फॉर्म आण. मी म्हटलं, एवढी कसली घाई, उद्या कर. मीच म्हटलं. उद्या कर.

बोललेलं चालत नाही? अजिबात? मग आता त्याचं करणार काय तुम्ही... हा कसला फॉर्म? गर्भ ताब्यात घेऊन घरी न्यायचा? आणि ह्यावर माझी सही चालते? वा, आता चालते! द्या पेन. नाव — लिहिलं. पत्ता — लिहिला. नातं — भाऊ. नाही? ताईशी नाही, बाळाशी? बाळाशी माझं कसलं आलंय —

मामा.

पुढच्याला घ्या, मॅडम. घ्या त्याला. मी तिकडे बसून लिहितो.