तहान लागली का गं?

आता पाणी पाजणं हा काय गुन्हा आहे? तुम्हीच सांगा. म्हणजे मी फारसा बोलत नाही, सोफे शिवतो, तोंडात टाचण्या असतात, बोलणार कुठून... पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर माझ्या बायकोला सांधेदुखी. म्हातारपणाची नव्हे हो, ती दुसरी. डॉक्टरीणबाई म्हणतात, शरीराचा पहारेकरी घरच्यांनाच चोर समजून बडवतो. सकाळी तिची बोटं आखडतात, मुलीची वेणी मी घालतो, वाकडी होते, चालतं. पण मागच्या महिन्यात बाई पुढं म्हणाल्या, "आईला असा आजार असला की मुलांना लहानपणी मधुमेह व्हायची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त. बहुतेकांना होत नाही. पण फार तहान, सारखी लघवी, अंथरूण ओलं, वजन कमी, असं दिसलं तर लगेच आणा." आता यातलं 'बहुतेकांना होत नाही' आमच्या घरापर्यंत पोचलंच नाही, रस्त्यातच सांडलं. बायकोला घास जाईना. "माझ्यामुळं होणार तिला." मी म्हटलं, लक्ष ठेवू.

लक्ष ठेवायचं म्हणजे काय, तर विचारायचं. विचारायला काय जातं? माझी आई भाजी निवडता निवडता, "चिंगे, तहान लागली का गं?" चिंगी चार वर्षांची, गुणी, आजी पेला धरून उभी म्हटल्यावर पिते. आई म्हणते, "बघा, लागली होती." मग माझे बाबा, "आमच्या बाईसाहेबांना तहान?" पिते. बायको, घाबरत घाबरत, "नाही ना लागली, सोन्या?" तरी पिते. मी दुकानातून फोन करून... विचारायला काय जातं?

आठवड्यात चिंगीच्या मोरीच्या खेपा वाढल्या, मग अंथरूण ओलं, मग घरी शिवायला आणलेला गिऱ्हाइकाचा कोरा सोफा. बायको फडकं घेऊन पुसायला लागली. आई म्हणाली, "आमच्यात कुणाला नव्हतं हो." मी टाचण्या काढून म्हणालो, "आई, आत्ता नको." आयुष्यात पहिल्यांदा.

तसेच सगळे दवाखान्यात. बोटाला सुई टोचली, चिंगी रडली नाही, बायको रडली. साखर अगदी व्यवस्थित.

"पाणी किती मागते?" बाई म्हणाल्या.

"मागत नाही," बायको म्हणाली.

"मग पिते कशी?"

"आम्ही विचारतो ना."

"आम्ही म्हणजे कोण?"

आम्ही चौघांनी एकेक करून हात वर केला. बाईंनी चष्मा काढून पुसला. "अहो, एवढं पाणी तुम्हाला पाजलं तर तुमचंही अंथरूण ओलं होईल. तिचं तिला मागू द्या. आपणहून सारखं मागायला लागली, तर या." आणि बायकोला म्हणाल्या, "तुम्ही काहीही केलेलं नाही." येताना बायको हसली, कितीतरी दिवसांनी.

आता घरात विचारायला बंदी. पेला भरून टेबलावर, आम्ही चौघं भिंतीला टेकून, चिंगी खेळतेय... खेळतेय... पेल्याकडं ढुंकून बघत नाही. शेवटी आई हळूच माझ्या कानाशी, "का रे, ही पाणीच मागत नाही. हे कशाचं लक्षण असेल?"

मी चपला घातल्या... दवाखाना अजून उघडा असेल.