नाव घातलेला डबा

तर सगळ्यात आधी आले ते स्पेनचे दोघं. आपल्यातलं कोणीच नाही. आपण चारची वेळ दिली म्हणजे साडेचार, ही आपली रीत. मी हॉलची किल्ली घेऊन तीनला आले, तर ही दोघं बाहेर पायरीवर बसलेली, उन्हात. ती इनेसबाई, आणि तो तोमास. त्याच्या मांडीवर एक पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली, लेकरू धरावं तशी. मी म्हटलं, आत या. त्यांना काही कळलं नाही, पण उठले. मग आम्ही तिघांनी मिळून खुर्च्या लावल्या. तुम्ही आता ज्या खुर्च्यांवर बसलाय ना, त्या स्पेनच्या माणसांनी मांडलेल्या आहेत.

जयभीम सगळ्यांना. हे आधी म्हणायचं होतं, राहून गेलं.

माझ्या आधी चार जण बोलले. शिकलेली माणसं, नीट बोलली. मला तसं जमायचं नाही. मी तिसरी पास, तीही ढकललेली. काल सुनेला म्हटलं, लिहून दे गं. तिनं दिलं लिहून, हा बघा कागद. पण चष्मा घरी राहिला, म्हणजे कागद नुसता हातात धरायला. त्या फलकावर ‘कालकथित गौतम’ लिहिलंय, ते मात्र चष्म्याशिवाय वाचता आलं. एवढं मोठं कशाला लिहिलं कोण जाणे. जरा बारीक लिहिलं असतं तर मला वाचता आलं नसतं.

असो. बोलते.

जे मला ओळखत नसतील त्यांना सांगते. मी शेवंता. इथे बहारीनला, ईसा टाउनमध्ये गौतम राहायचा त्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर, मुलाकडे असते. नातवंडं सांभाळायला आले होते. नातवंडं मोठी झाली, मी राहिले. गौतम मला मावशी म्हणायचा. सित्र्याला कंपनीत कामाला, दाब मोजायच्या गेजचे काटे बघायचं काम. काटा हलला की लिहायचं, नाही हलला तरी लिहायचं. मी एकदा म्हटलं, अरे, कंटाळत नाहीस? म्हणाला, मावशी, काटा हलायच्या आधी जरासा थरथरतो, ते बघायला मजा येते. आणि माणसांकडेही तो तसाच बघायचा. तुम्ही बोलायला तोंड उघडायच्या आधीच त्याला कळलेलं असायचं.

अशा माणसानं पिक्चर काढला. फोनवर. आपल्याच माणसांना घेऊन. सगळे शुक्रवारी मोकळे, म्हणून फक्त शुक्रवारी. एक शुक्रवार दिनकर नाही, एक शुक्रवार मला ताप. पण झाला. चोरीचा पिक्चर, आणि हसून हसून पोट दुखेल असा.

ज्यांनी बघितला नाही त्यांना गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एक चोर असतो. तो म्हणजे आपला दिनकर, तो मागे बसलाय. खाली काय बघतोस, वर बघ. एरवी गाडी चालवतो, लांज्याकडचा आहे, मनानं गाय आहे, पण चेहरा चोराचा, असं गौतमच म्हणायचा. तर हा हमद टाउनच्या एका शेठाणीची हिऱ्याची अंगठी चोरतो आणि त्याच्या मावशीच्या घरी येऊन लपतो. मावशी मी. मी बेसनाचे लाडू वळत बसलेली. मी उठून आत गेले की हा ती अंगठी एका लाडवात दाबून ठेवतो. मी परत येते, बघते, तर शेजारणीचा डबा ओट्यावर पडलेला. कधीचा द्यायचा राहिलेला. मी ते लाडू त्या डब्यात भरते आणि डबा परत देऊन येते. झालं. शेजारणीला शुगर. ती ते लाडू दुसऱ्या कोणाच्या डब्यात घालून पुढे पाठवते. तिसरीची सून डाएटवर. असे ते लाडू घरोघर फिरतात आणि आमचा चोर प्रत्येक घरी पाहुणा म्हणून जाऊन लाडू खात सुटतो. शेवटी तो डबा जातो कुठे, तर त्याच शेठाणीच्या घरी.

दिनकरनं त्या पिक्चरपायी किती लाडू खाल्ले, विचारा त्याला. आता लाडू दिसला की रस्ता बदलतो.

पण खरी गोष्ट सांगते, जी मला आज सांगायचीच आहे. गौतमनं आधी असं लिहिलंच नव्हतं. त्याच्या कागदात असं होतं की मावशी डबा रिकामाच देते आणि लाडू घरात राहतात, आणि पुढे काहीतरी पोलीस येतात वगैरे. पहिल्या शुक्रवारी मला म्हणाला, मावशी, डबा उचला आणि दार उघडून बाहेर जा. मी डबा उचलला. दारापर्यंत गेले. परत आले. म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. पुन्हा गेले, पुन्हा परत आले. तिसऱ्या वेळी मी हळूच चिमूटभर साखर टाकली डब्यात. त्यानं बघितलं. त्याच्यापासून काय लपतंय. म्हणाला, मावशी, हे काय? मी म्हटलं, रिकामा डबा मी नाही देणार. म्हणाला, अहो, पिक्चर आहे. मी म्हटलं, पिक्चर तुझा आहे, हात माझा आहे. ती शेजारीण काय म्हणेल?

शेजारीण कोण, तर आमची सूनच. सोफ्यावर बसून फोन बघत होती.

मला वाटलं आता ओरडणार. तो खालीच बसला, फरशीवर, आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यानं ते पान फाडलं. त्याच्या शिफ्टच्या तक्त्याच्या पाठीमागे लिहिलेलं होतं सगळं. फाडलं, आणि म्हणाला, आता यातून चोराला सोडवून दाखवा मला कोणी. साखरेच्या जागी त्यानं लाडू घातले, आणि तिथून तो सगळा पिक्चर निघाला. मी घातलेल्या चिमूटभर साखरेतून. मला अजून विश्वास बसत नाही. माणूस आपली चूक बघून एवढा आनंदतो, असा मी दुसरा पाहिला नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या मुलीनं, आमच्या संघमित्रानं, मित्रा म्हणतो आम्ही तिला, तिनं खाली इंग्रजी लिहिलं. स्पेनमध्ये कुठल्याशा गावी लहान पिक्चरांची जत्रा भरते म्हणे, तिथे पाठवला. आणि तिथून ही दोघं आली, दोन महिन्यांपूर्वी. त्यांना हाच पिक्चर त्यांच्या भाषेत, त्यांची माणसं घेऊन, त्यांच्या लोकांसाठी परत काढायचाय. विचार करा. आमच्या ओट्यावरची गोष्ट. मी मित्राला म्हटलं, स्पेन कुठे दाखव. तिनं फोनवर दाखवलं. बहारीन दिसेना एवढं लहान, आणि स्पेन तिकडच्या टोकाला. म्हटलं, तिथली माणसं मला बघून हसली? म्हणाली, येस आजी, अ लॉट. मी त्या दिवशी जेवले नाही. भूकच लागली नाही.

गौतमच्या घरी बसलो होतो सगळे. इनेसबाई पिक्चर काढणारी, आणि तोमास लिहिणारा, त्याचं डोकं बारीक. त्याला सगळं आवडलं होतं, एक सोडून. म्हणाला, आमच्याकडेही आया मुलांना डबे भरून देतात. पण डबा परत आला हेच नशीब समजतात, भरून कोण देतो? आमची माणसं विचारतील, ही म्हातारी रिकामा डबा का देत नाही? म्हणून तेवढं बदलू, ती रिकामा देईल, लाडू दुसऱ्या कशानंतरी बाहेर जातील. मित्रा सगळं मराठीत सांगत होती. त्या दिवशी ती किती मराठी बोलली, वर्षाचं एकदम.

गौतम म्हणाला, बाकी काय हवं ते बदला. लाडवाच्या जागी काहीही घाला. चोराला बाई करा. पण डबा रिकामा जाणार नाही. ते माझं नाही, मावशीचं आहे. मावशी, यांना सांगा का.

आता मी काय सांगणार? असं कोणी विचारलंय का कधी? मी म्हटलं, रिकामा डबा दिला की खलास. आपलं येणंजाणं संपलं, असं सांगितल्यासारखं होतं. भरून दिला की त्यांना पुन्हा यावं लागतं. एवढंच.

तोमासनं ते वहीत लिहून घेतलं, पण मान काही हलवली नाही. कराराचा कागद तसाच राहिला, बिनसहीचा. निघताना सुजातानं, गौतमच्या बायकोनं, त्यांना लाडू दिले. जो हाताला लागला त्या डब्यात. ते गेल्यावर बघते तर तो गौतमच्या आईचा डबा. बुडाला नाव घातलेला, तिच्या लग्नातला. सुजाता रडकुंडीला आली. आणि गौतम म्हणतो, काळजी करू नकोस. नाव आहे त्यावर. येईल.

मग तो गेला.

सकाळच्या बसनं सित्र्याला गेला. संध्याकाळी बस आली, सगळे उतरले, दिनकरचा भाऊ उतरला, हा नाही उतरला. कामावरच छातीत दुखतंय म्हणाला, बसला, आणि संपलं. पुढचं चार जणांनी सांगितलंय, मी सांगत नाही.

सुजाता गावाहून परवा परत आली. व्हिसा त्याच्या नावावर होता, मित्राची परीक्षा झाली की या दोघी कायमच्या गावी जाणार. मी तिला विचारलं, त्या स्पेनच्या कागदाचं काय गं? म्हणाली, मावशी, ज्यानं हसवायचं तो नाही, आता कोणाला हसवायचंय? आणि त्याला हवं होतं तसं ते करणार नाहीतच. नको मला. तिचं खरंच होतं. मला आपलं वाटत होतं, हा एवढा मोठा माणूस, आणि ह्याचा पिक्चर आता फोनमध्येच राहणार. पण बोलले नाही.

मित्रानं त्यांना फक्त बातमी आणि सभेची वेळ कळवली होती. आणि आज तीनला ही दोघं पायरीवर.

सुजाता आल्यावर तोमास उठला आणि त्यानं ती पिशवी तिच्या हातात दिली. पिशवीत डबा. तिनं आधी काय केलं असेल? डबा उलटा केला. बुडाचं नाव बघितलं. त्यावरून बोट फिरवलं. आणि उलटा केल्यावर आत काहीतरी वाजलं.

डबा भरलेला होता, सुजाता. सगळ्यांना सांगते मी, तू बस.

बदामाचे लहान लहान गोळे, पांढरे, साखरेत घोळलेले, हात लावला तर भुगा. आपल्या बेसनाच्या लाडवांचे चुलतभाऊ. तोमास बोलत होता आणि मित्रा सांगत होती. त्याच्या आईनं केलेत. तो निघताना डबा धुऊन पिशवीत टाकत होता, तसाच, रिकामा. आईनं विचारलं, कोणाचा रे? त्यानं सांगितलं, ज्याच्या घरचा, तो माणूस वारला. तर ती म्हणाली, आणि तू असा नेतोयस? थांब. त्याचं विमान चुकणार होतं. तिनं काही ऐकलं नाही.

मला सांगा, त्या बाईला कोणी शिकवलं? तिनं पिक्चर बघितलेला नाही. मला ओळखत नाही. आपण कुठले, कोण, काही माहीत नाही तिला.

तोमास मग माझ्याकडे वळला आणि काहीतरी म्हणाला. मित्रा म्हणाली, “आजी, तो म्हणतोय, मावशी तशीच राहील. माझ्या आईनं मला खोटं पाडलं.”

सुजातानं त्यातला एक गोळा तोंडात टाकला. तो गेल्यापासून तिनं कुठे गोड तोंडाला लावलं नव्हतं. मग दुसऱ्या बायकांना वाटले, दिनकरलाही दिला, आणि त्यानं तो खाल्ला, बरं का. मग डबा मिटून पदराखाली धरला आणि म्हणाली, “मित्रा, त्यांना सांग, डबा आता माझ्याकडे राहील. मी भरून ठेवते. तो न्यायला या, आणि येताना कागद घेऊन या.”

मला हसू येतंय, माफ करा. शोकसभेत हसू नये. पण त्यानं आयुष्यभर हेच केलं, लोक हसायच्या आधी ओठ कसा थरथरतो ते बघत बसला. आता बघायला तो नाही म्हणून मी हसायचं थांबवू का? तो बघा वर, फलकावर फोटो. त्यातही कोणाकडेतरी बघतोच आहे.

आता सगळ्यांनी उठू या. खुर्च्यांचा आवाज नको. दिनकर, फोन बंद कर. गौतमसाठी दोन मिनिटं काहीच बोलायचं नाही. मला ते सगळ्यात अवघड जाणार, तुम्हाला माहीत आहे, तरी गप्प बसते. जयभीम, गौतम. तुझा डबा आला रे.

आणि हो, गप्प बसायच्या आधी एवढंच. ते दोघं येत्या शुक्रवारी येतो म्हणालेत, चार वाजता. त्यांचे चार म्हणजे तीन असतात, तेव्हा मी अडीचलाच खाली दारात उभी राहीन.