पांढऱ्याहून पांढरं

शीळ नका घालू साहेब, झोपलीय ती — थांबा, मीच उठवतो. ही टाच आपटली — बघा, वळली की नाही लगेच? डेझी तिचं नाव. बर्मिंगहॅममधला शेवटचा पांढरा टेरिअर हॅडलीच्या गुत्त्यात आहे, असं सांगितलं ना तुम्हाला? खरंय. मीच हॅडली. बसा, बिअर घ्या. याच माडीवर दर बुधवारी आमची कुत्री प्रदर्शनाला उभी राहायची — अंगावर एक काळा केस नाही! खडूची पूड? लावायचो की, सगळेच लावायचे. कान कापून टोकदार केलेले, शेपटी चाबकासारखी, लांबलांबून लोक यायचे बघायला. मग कान कापायला बंदी आली, आणि लोंबत्या कानांचा पांढरा कोणाला बघवेना. बंदीनं जात संपवली, असं मी सगळ्यांना सांगतो.

काय म्हणालात? पिल्लं काढणार हिची? कोणापासून? तिच्या भावापासून? तुमच्या गावी विकला होता, तो? — अहो, तेच तर आम्ही करत आलो! बापाला लेक, भावाला बहीण — का, तर पांढऱ्याहून पांढरं पिल्लू पाहिजे. झालं पांढरं. पण ऐकू येईना. हो साहेब, बहिरी आहे डेझी — ठार बहिरी. टाच आपटली की फळ्या हादरतात, ते तिच्या पायांना कळतं. परीक्षकासमोर हेच करायचो — हाक मारायची आणि त्याच क्षणाला टाच. सगळ्यांना माहीत, पण बोलायचं कोणी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

तुम्हाला हे का सांगतोय कोण जाणे. पण विषय निघालाच आहे तर — माझा धाकटा भाऊ, सायलस, खिळे करतो, मुंगीलाही चुकवून चालणारा माणूस. त्याच्या लग्नात मी त्याला पर्ल दिली, हिच्या आजीची बहीण. बहिरीच. महिन्याभरानं आला — "दादा, हाका मारून घसा बसला, ढुंकून बघत नाही रे. काय करू?" त्याचं अंगण विटांचं, तिथं टाच आपटून काय होणार? सांगायला किती वेळ लागला असता मला? बहिरी आहे — एवढंच! पण चार गिऱ्हाइकं बसली होती, दोघं पिल्लू घ्यायला आलेले. मी म्हटलं, "माजलीय. दोन काठ्या घाल, सुतासारखी सरळ येईल." आणि त्यानं घातल्या. दोन वर्षं. दादानं सांगितलं म्हणून. मला दिसायचं, त्याच्या गल्लीतूनच जात होतो ना मी — मार खाऊन ती त्याचाच हात चाटायची. मी मान खाली घालून पुढं जायचो. लाज? लाज तेव्हा नाही वाटली, साहेब. भीती वाटायची, कोणाला कळेल म्हणून. लाज नंतर आली, आणि आता जात नाही.

कोळशाच्या गाडीखाली गेली पर्ल. उन्हात बसली होती, सायलस ओरडतोय, गाडीवाला ओरडतोय, ही आपली डोळे मिटून. दुसऱ्या दिवशी तो टोपी हातात घेऊन आला माझ्याकडे. म्हणाला, "दादा, माफ कर. एवढी गुणी जात तुझी, मलाच वळण लावता आलं नाही." माझी माफी मागतो, साहेब! आणि मी काय म्हटलं? "जाऊ दे, होतं असं." वर त्यानं पाजलेली बिअर प्यायलो.

म्हणून नाही देणार डेझी. कितीही द्या. हिच्याबरोबर संपू दे हे सगळं. आणि त्याला सांगणारेय मी, आज सांगीन, उद्या सांगीन — बारा वर्षं हेच चाललंय —

अरे सायलस! ये, ये, बस. हे होय? हे साहेब कुत्री बघायला आले होते. नाही रे, काही विशेष नाही, असंच जुनं बोलत होतो. — तुम्ही निघा साहेब. निघा म्हटलं ना.